त्या हिवाळ्यात मी गाव होते

नागपूरच्या नंदनवन वस्तीत थंडी उशिराच येते. आधी ती शहराबाहेरच्या शेतांत दोन-चार दिवस रेंगाळते, मग एके पहाटे न सांगता आमच्या गच्चीवर उतरते. त्या सकाळी मी गोधड्या उन्हात टाकते, एक संत्रं घेऊन कठड्याला पाठ टेकून बसते, आणि साल काढताना नखाखाली झोंबलं की मला माझं माहेरचं गाव, खापा, आठवतं. दरवर्षी. यात माझं काही चालत नाही. नातवंडं हसतात. म्हणतात, आजीला थंडी वाजत नाही, आजीला थंडी ऐकू येते.

खरंच आहे ते. खाप्याचा हिवाळा मी पाहिला त्यापेक्षा ऐकला जास्त. पहाटे कन्हान नदीवरून धुकं वर चढायचं, विणकरांच्या आळीत शिरायचं, आणि त्या धुक्यातच घराघरांतले माग जागे व्हायचे. खट-खटाक्, खट-खटाक्. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. डोळे न उघडता सांगता यायचं की आज शेजारच्या काकांचं अंग दुखतंय, किंवा पलीकडच्या घरी नवरा-बायकोचं रात्री वाजलंय. बाबांचा माग जरा लंगडत चालायचा. दर चौथ्या-पाचव्या फेऱ्याला आडवं सूत नेणारा धोटा अडखळायचा, बाबा तोंडातल्या तोंडात काही बोलायचे आणि पुन्हा ठोका सुरू. आई चुलीवर सुताची खळ शिजवायची. त्या आंबूस वासात पोहे, चहा, ओल्या भिंती सगळं मिसळलेलं असायचं. मी मॅट्रिक होऊन लग्नासाठी घरी बसलेली मुलगी. ओसरीवर बसून सुताच्या कांड्या भरायची, आणि सकाळच्या उन्हाची पट्टी जसजशी सरकेल तसतशी मीही चरखा घेऊन सरकायची.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. त्यातला एकच हिवाळा मला पुरा आठवतो. बाकीचे सगळे हिवाळे त्याच्यात विरघळून गेले.

त्या वर्षी दिवाळीनंतर नारायण मास्तर गावात परत आले. तरुणपणीच ते नागपूरला गेले होते आणि तिथे जन्मभर शाळेतल्या मुलींना गाणं शिकवलं. बायको वारली, दमा वाढला, तशी ट्रंक आणि पेटी घेऊन ते भावाच्या घरी राहायला आले. पांढरा सदरा, गळ्यात मफलर, बोलताना मध्येच श्वासासाठी थांबण्याची सवय. आल्यावर महिनाभर ते नुसते घाटावर बसून होते. मग एक दिवस त्यांनी आळीतल्या गाणाऱ्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपण एक नाटक करू. पण त्यात कोणी बोलायचं नाही. सगळं गायचं."

"भांडनबी गाऊनच कराचं का मास्तर?" कुणीतरी विचारलं.

"भांडण तर आधी."

ही कल्पना त्यांना सुचली होती नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानात. तरुणपणी ते तिथे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका साहेबाकडे पेटीचे सूर लावून देत. त्या साहेबाकडे ग्रामोफोन होता आणि तबकड्यांचा एक जाड संच होता. त्यात एक अख्खं नाटक गायलेलं होतं. "भाषा एक अक्षर कळली नाही," मास्तर सांगायचे. "पण एका माणसामागे पुष्कळ माणसं लागली आहेत, एवढं कळलं. तो एकटा गायचा, आणि मग ती सगळी मिळून गायची. अंगावर काटा यायचा. त्या गर्दीचा आवाज इतका सुंदर होता, की आपणही तिच्यातच उभं राहावं असं वाटायचं."

शहाण्या भाषेत अशा नाटकाला संगीतिका म्हणतात, हे मला फार पुढे समजलं. आळीने त्याला गाण्याचं नाटक म्हटलं आणि विषय संपवला.

तालमी मास्तरांच्या भावाच्या पडवीत व्हायच्या, दुपारी उन्हं कलली की. मास्तरांना रात्रीची हवा सोसत नसे. आम्ही पंधरा-वीस जण. पहिल्या दिवशी मास्तरांनी पात्रं वाटली. मुख्य पात्र धर्मा नावाडी. तो मधुकर करणार होता. मधुकर बौद्ध वस्तीतला, सुतारकाम करणारा तरुण. जयंतीच्या मिरवणुकीत तो गायला लागला की आमच्या आळीतले माग थांबायचे, इतका त्याचा आवाज मोकळा. धर्माला चोरून भाकर आणून देणारी राधा, मास्तरांची पुतणी विमल. आणि बाकीचे सगळे गाव.

"माझं नाव काय मास्तर?" मी विचारलं.

"गाव."

"म्हणजे मी काय करायचं?"

"बाकीचे करतील ते."

आईला हे मुळीच पटलं नाही. "आता रोज जाईन म्हन्ते, अन् पोट्टीले एक नावबी नाही भेटलं?" बाबांना मात्र बरं वाटलं. मुलीने बाजाराच्या ओट्यावर लोकांपुढे उभं राहून गाणं त्यांना पसंत नव्हतं, पण ते म्हणाले, "गर्दीतच हाये न? मंग जाऊ दे."

गोष्ट साधी होती. पुरात धर्माची नाव उलटते. नावेतली माणसं बुडतात, नावाडी एकटाच वाचतो. गाव म्हणतं, हा पोहून आला आणि आमची माणसं सोडून आला. मग कुणी त्याच्या नावेत बसत नाही, कुणी बोलत नाही. शेवटी तो भर पुरात नाव घालतो आणि परत येत नाही. तो गेल्यावर गाव पुन्हा आपलं रोजचं दळण-कांडणाचं गाणं गातं.

दुसऱ्या दिवशीच सगळ्यांना कळलं की ही गोष्ट सोमाजीची आहे.

सोमाजी जिवंत होता. नदीच्या वाळूत, घाटापासून जरा खाली, त्याची झोपडी होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी, पूल झाला नव्हता तेव्हा, तो कन्हानवर नाव चालवायचा. भादव्यात पलीकडच्या काठावरून बाजार करून येणाऱ्या माणसांनी भरलेली त्याची नाव उलटली. मोठी माणसं होती, पोरं होती. सोमाजी तेवढा खालच्या वळणाला काठाशी लागला. माझा जन्म त्यानंतरचा. पण आळीतल्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक होता. जेवलं नाहीस तर सोमा येईल, असं आम्हाला सांगितलं जायचं.

त्याला कुणी वाळीत टाकलं नव्हतं. पंचायत बसली नव्हती, दंड झाला नव्हता, कुणी शपथ घातली नव्हती. एकेकाने एकेक दिवस त्याच्या नावेत बसायचं टाळलं, एवढंच. मग त्याचं नाव घेणं टाळलं. त्याचे जातभाई ढीवर, तेही आपली जाळी दूर वाळत घालू लागले. दुकानदार त्याला मीठ-मिरची द्यायचा, पण 'कसं काय' म्हणायचा नाही. पाणी त्याला कुणी नाकारलं नाही, कारण त्याने कधी मागितलं नाही. हिवाळ्यात तो वाळूत खड्डे करून डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेली लावायचा आणि उन्हाळ्यात ती डांगरं सावनेरच्या बाजारात नेऊन विकायचा. खाप्यात ती कुणी घेत नसे. आता या वयात मला वाटतं, ठरवून काढलेल्या माणसाला ठरवून परत तरी घेता येतं. जो कुणी न ठरवता बाहेर पडला, त्याला आत कुणी बोलवायचं?

आणि मास्तरांची धाकटी बहीण गोदी त्या नावेत होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यामुळे मास्तर हे नाटक करताहेत म्हटल्यावर लोकांना वाटलं, आता सोमाची पुरती लाज काढणार. पण तालमीत ऐकू येऊ लागलं ते वेगळंच. सगळ्यांत गोड चाली मास्तरांनी धर्माला दिल्या होत्या.

एका दुपारी कौसाकाकू पडवीत येऊन उभ्या राहिल्या. आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. त्यांचा बाळ्या, सहा वर्षांचा, त्याच नावेत गेला होता. आजोबांबरोबर बाजार बघायला म्हणून गेला होता. आजोबाही परतले नाहीत. त्यानंतर काकूंना मूल झालं नाही. आळीत त्यांना कुणी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि आमचं गाणं आपोआप थांबलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमची बहीन गेली न त्याच्यात? मंग त्याचे गाने काहून गाऊन राहिले तुमी?"

मास्तर पेटीवरून उठले. "वहिनी, मी नागपूरला होतो. आलो तोवर सगळं आटोपलं होतं. इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावलो. शिव्या दिल्या. पण एक गोष्ट मी केली नाही. त्याला विचारलं नाही, की बाबा, पाण्यात झालं काय? तुम्ही विचारलंत?"

काकू वळल्या. पदर सावरून निघून गेल्या. त्या दिवशी पुढे तालीम झाली नाही. विमलने सगळ्यांना चहा केला, तो कुणी प्यायला, कुणी तसाच ठेवला.

दोन दिवसांनी मास्तर मला म्हणाले, "कुसुम, जरा नदीपर्यंत येतेस का? वाळूत मला एकट्याला चालवत नाही." त्यांना कुठे जायचं आहे हे मी विचारलं नाही. ऊन छान पडलं होतं. हिवाळ्यातली कन्हान म्हणजे नदीपेक्षा वाळूच जास्त. मधून निळी धार, आणि तिच्या कडेला बगळे. सोमाजी ओणवा होऊन खड्ड्यात शेणखत भरत होता. मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फारच लहानखुरा निघाला. पोरांना भिववायला ज्याचं नाव घेतात तो माणूस एवढासा असेल असं वाटलं नव्हतं.

"ओळखलंस का सोमा?"

त्याने मान वर केली. बराच वेळ पाहिलं. "गोदीचा भाऊ," तो म्हणाला.

मास्तर वाळूतच बसले. थोडा वेळ दोघं डांगरांविषयी बोलले. बी कुठून आणतोस, पाणी कसं घालतोस. मग मास्तरांनी नाटकाचं सांगितलं. सोमाजी हात झाडून ऐकत राहिला.

"शेवटी काय होते त्याचं?" त्याने विचारलं.

"मरतो."

सोमाजीने खाली पाहिलं. वाळूत बोटाने काहीतरी पुसलं. "मले नाही जमलं ते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. एखादी चाल बसत नाही म्हणून मधुकर जसा सांगायचा, तसा तो बोलला.

मास्तर विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. ते विचारायलाच आले होते. पण ते उठले, म्हणाले, "येतो रे," आणि आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेवर ते दम खायला थांबले. "नाही विचारता आलं," म्हणाले. "तो सांगेल याची भीती वाटली."

त्यामुळे नाटकात ती जागा रिकामी राहिली. मास्तरांनी तिथे असं बसवलं, की गाव धर्माला घेरून तीनदा विचारतं, 'सांग नावाड्या, सांग रे, पाण्यात काय झालं?' पहिल्यांदा हळू, मग चढ्या सुरात, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून. आणि धर्मा उत्तर देत नाही. तो शब्दांवाचून नुसता आलाप घेतो. मधुकर तो आलाप इतका लांब घ्यायचा की आम्ही आमची पुढची ओळ विसरायचो. मास्तर त्याला एकदा शिकवायला गेले, सगळे तुझ्याकडे पाठ करून उभे राहतील तेव्हा तू कसा उभा राहशील. मधुकर म्हणाला, "मास्तर, हे मले नका शिकवू. पाठी मी लहानपनापासून पाहून राहिलो." त्या पाठी आम्हा आळीतल्यांच्याच होत्या.

पुढच्या आठवड्यात कौसाकाकू पुन्हा आल्या. या वेळी त्या आत आल्या आणि आम्हा बायकांच्या ओळीत उभ्या राहिल्या.

"मलेबी गावात घ्या," त्या म्हणाल्या. "गाता नाही येत मले. पन इचारता येते."

मास्तरांनी पेटीवर सूर धरला. काकूंचा आवाज कुठल्याच पट्टीत बसेना. जाडा, चिरका, सगळ्यांच्या वर निघणारा. कुणीतरी मास्तरांना हळूच म्हणालं, सगळं बेसूर होतंय. मास्तर म्हणाले, "होऊ दे."

त्या तालमींचे दिवस आठवले की मला आधी दुःख आठवतच नाही. आठवतात त्या फालतू गोष्टी. तालमीला येताना प्रत्येकाच्या कपड्यांना चिकटलेले सुताचे तंतू. शेतकऱ्यांच्या बायका ओटीतून आणायच्या ते हिरवे हरभरे, ते सोलत सोलत गाणं, आणि पडवीभर पडलेली टरफलं. विमलच्या हातचा आल्याचा चहा. घरी परतताना काळोख पडायच्या आत पोचायची घाई, आणि वाटेत प्रत्येक मागाच्या ठोक्यावर आपली चाल बसते का ते बघणं. बाबासुद्धा एकदा विणताना 'सांग नावाड्या' गुणगुणताना मी पकडले. ते लाजले आणि धोटा अडकला. सगळी आळीच ते गुणगुणत होती. न्हाणीघरात, विहिरीवर, कपडे वाळत घालताना. पंचवीस वर्षं जो प्रश्न कुणाच्या तोंडी आला नव्हता तो आता सगळ्यांच्या तोंडात बसला होता, आणि त्याची चाल गोड असल्याने कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

संक्रांत झाली आणि आठवडी बाजाराच्या ओट्यावर नाटक ठरलं. दिवेलागणीलाच सुरू करायचं, जेवणाच्या आत संपवायचं. रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय असलेल्या लोकांना हे विचित्रच वाटलं, पण सगळे आले. विणकर आळी आली, बौद्ध वस्ती आली, ढीवर आले, आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या. बाया घोंगड्या पांघरून पुढे बसल्या. ओट्यावर दोन बल्ब आणि मागे आईची जुनी निळी लुगडी जोडून केलेली नदी. मी गावात उभी होते, उजवीकडून तिसरी, माझ्या शेजारी कौसाकाकू. त्यांचा हात माझ्या हाताला लागत होता आणि तो गार होता.

सोमाजी आला तो आम्हाला ओट्यावरूनच दिसला. बाजाराच्या नदीकडच्या टोकाला, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथे तो उकिडवा बसला. त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी राहिली. कुणी मुद्दाम सोडली नसेल. सवयीनेच सुटली.

नाटक चांगलं रंगलं. नाव उलटण्याचं गाणं झालं तेव्हा बाया डोळे पुसत होत्या. ज्यांनी सोमाजीकडून कधी डांगर घेतलं नव्हतं त्या धर्मासाठी रडत होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन्ही खरं होतं. मग आम्ही मधुकरला घेरलं. पहिल्यांदा विचारलं, हळू. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा आम्ही सगळे जीव काढून ओरडलो, आणि आमच्या सगळ्यांच्या वर काकूंचा चिरका आवाज गेला: पाण्यात काय झालं?

मधुकरने आलापासाठी तोंड उघडलं. आणि मागून, अंधारातून, कुणीतरी म्हणालं, "सांगतो."

लोकांना वाटलं हे नाटकातलंच आहे. माना वळल्या. सोमाजी उभा राहिला होता. तो दोन-चार पावलं उजेडाकडे आला आणि थांबला. ओट्यावर चढला नाही. मास्तरांचा हात भात्यावरून सुटला, पण बोट सुरावरच राहिलं. भात्यातली हवा संपेपर्यंत तो एक सूर तसाच वाजत राहिला, मग बारीक होऊन विरला.

"तुमी इचारलं म्हनून सांगतो," सोमाजी म्हणाला. तो कौसाकाकूंकडे पाहत होता, आणि मध्येच मास्तरांकडे. "दोघं भेटले होते मले. गोदी अन् बाळ्या. बाळ्याले एका हातानं छातीशी धरला. एक हात पोहाले लागते न बा. गोदीले म्हनलं, तू मोठी हायेस, माह्यी पाठ धर. तिनं धरली. गंज दूर आलो आमी. काठ दिसून राहिला होता. मंग भोवऱ्यात पाठ हलकी झाली."

तो थांबला. त्याचा एक हात नकळत छातीशी गेला होता.

"मी तिच्यासाठी वळलो. पोराले घेऊनच वळलो. ती नाही भेटली. अन् त्या पान्यानं पोरगंबी हातातून नेलं. एकालेच घेऊन निघालो असतो त एक वाचला असता. मले दोघंबी पाहिजे होते."

आता काय होणार हे कुणालाच कळत नव्हतं. आम्ही गाव होतो; बाकीचे करतील ते करायचं एवढंच आम्हाला सांगितलेलं. बाकीचे कुणी काही करत नव्हते. तेवढ्यात माझ्या शेजारचा गार हात सुटला. कौसाकाकू ओट्याच्या कडेला गेल्या. खाली वाकल्या.

"तो काई बोलला का?" त्यांनी विचारलं. "बाळ्या. काई बोलला का तो?"

"माय कुठी हाये म्हने," सोमाजी म्हणाला. "मी म्हनलं, काठावर हाये. वाट पाहून राहिली."

काकू ओट्यावरच खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, आपल्याला निरोप पोचला असं सांगावं तशी.

सोमाजी वळला आणि नदीकडे चालू लागला. मधुकरने ओट्यावरून उडी मारली आणि तोही त्याच्या मागे गेला. काही वेळाने लोक उठले, मुलांना खांद्यावर घेतलं, घोंगड्या झटकल्या. बैलगाड्या जुंपल्या गेल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र काही जण कुरकुरले की नाटक अर्धंच झालं, नावाडी मरतो तो भाग दाखवलाच नाही. खेड्यांवरून निरोप आले, पुन्हा करा, आमच्याकडे करा. मास्तर नाही म्हणाले.

"शेवट गाता येणार नाही आता," ते म्हणाले. "माणूस जिवंत आहे."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पुढच्या थंडीत त्यांचा दमा उलटला आणि ते वारले. जायच्या आधी ते आणि सोमाजी भेटले का, गोदीविषयी काही बोलले का, मला माहीत नाही. विचारणार कुणाला? मधुकर मात्र सोमाजीकडे जायचा. झोपडीला त्याने चांगलं दार करून दिलं.

आणि तो उन्हाळा. चैत्र लागला, ऊन तापलं, माग दुपारी बंद राहू लागले. एका बाजारच्या दिवशी आई घामेजून घरी आली. तिच्या पिशवीत मोठं थोरलं डांगर होतं आणि चेहऱ्यावर राग होता.

"कोनाकडून घेतलं वं?" शेजारणीने विचारलं.

"तो सोमाजी. घाटाकडे बसून राहिला पोतं टाकून." आईने डांगर जमिनीवर आपटलं. "इतकी घासाघीस केली, पन एक पैसा कमी नाही केला मेल्यानं. भारी हट्टी म्हतारा हाये. मी म्हनलं, कापून दाखव, त म्हन्ते कसा, घरी जाऊन काप अन् फिक्कं निघालं त माह्या डोक्यावर फोड."

शेजारीण हसली. आई आणखी थोडा वेळ त्याला बोलत राहिली. खाप्यात सोमाजीविषयी असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, कुठल्याही भाजीवाल्याविषयी बोलावं तसं. डांगर गोड निघालं. आईने ते मुळीच कबूल केलं नाही.

सगळ्यांनी काही असं केलं नाही. बुडालेल्यांच्या काही घरांनी त्याच्याकडून शेवटपर्यंत काही घेतलं नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. ज्याचं गेलं त्याला घाई करता येत नाही. कौसाकाकूंनीही बाजारात त्याच्याकडून काही घेतलेलं मी पाहिलं नाही. आळीत त्या पूर्वीसारख्याच वागत होत्या, कमी बोलत होत्या, आणि नाटकाचं नाव कुणी काढलं तर उठून आत जात होत्या. मला वाटायचं, त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. नवऱ्याला नागपुरात नोकरी होती, सासर इकडचंच. पाठवणीची गाडी दुपार उतरताना निघाली आणि पुलावर एका म्हशींच्या कळपासाठी थांबली. मी रडून रडून सुजले होते. कुणीतरी म्हणालं, नदीला नमस्कार कर. मी खिडकीतून खाली पाहिलं. कन्हान आटून एक बारीक धार उरली होती आणि वाळू झळा टाकत होती. सोमाजीच्या झोपडीपुढे, डांगरांच्या सुकलेल्या वेलींमध्ये, दोन म्हातारी माणसं बसलेली होती. एकमेकांपासून चांगली दूर, मध्ये दोन माणसं आरामात बसतील एवढं अंतर ठेवून. एक सोमाजी होता. दुसऱ्या कौसाकाकू.

तेव्हा मला कळलं. त्यांच्या लेकाला शेवटचं पाहिलेला माणूस या जगात एकच होता, आणि पंचवीस वर्षं तो हाकेच्या अंतरावर राहिला होता.

पुलावरून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. सोमाजी हातवारे करून काहीतरी सांगत होता. एक हात छातीशी, दुसरा पुढे पाण्यात मारल्यासारखा. काकू ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, आणि काहीतरी विचारलं. तो थांबला, विचारात पडला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.